ब्रेक गुरुजींचे, पास करणार काकू!

गॅरेजवाल्याकडे इतके किस्से कसे जमतात, सांगू? गाडी एकदा जॅकवर चढली की मालकाला कुठं जाता येत नाही. मग तो स्टुलावर बसतो, चहा मागवतो आणि बोलत सुटतो. आपण गाडीखाली पडून हूं हूं करायचं. शहापूरचा रस्ता मुरबाडच्या हायवेला मिळतो ना, त्या सरळगाव नाक्यावर माझं गॅरेज. किती ऐकलं, किती पाहिलं, हिशोब नाही. पण दोस्त जमले की फर्माईश ठरलेली, "दत्तू, गुरुजींचे ब्रेक सांग!"

सांगतो. पण एक आधीच बोलून ठेवतो. माझं काम एक नंबर होतं! जो काय घोळ झाला तो माणसांनी केला.

*

गुरुजी म्हणजे माझे सातवीचे मास्तर. त्यांनीच मला सातवीत दोन वर्षं बसवलं, त्यामुळे ओळख जरा जास्तच पक्की. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. मुलगी मंदा घाटावर ओतूरला दिलेली. म्हणाले, आता एसटीची वाट बघायला नको.

एकदा मंदाकडून परत येताना माळशेज उतरत होते. दर वळणाला ब्रेक, दर वळणाला ब्रेक. चाकातली ब्रेकची डिस्क, म्हणजे तबकडी, होती पातळ, आणि तिला दाबून धरणारे पॅड संपत आलेले. सगळं इतकं तापलं की पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं! गुरुजींनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मातीला गाडी घासत घासत कशीबशी थांबवली.

शेजारी गुरुजींच्या मंडळी, आमच्या काकू. पिशवी घेतली, उतरल्या आणि सरळ मोरोशीपर्यंत चालत गेल्या. तिथून एसटी धरली. गुरुजी गाडी गार करून निघाले ते नेमके त्याच एसटीच्या मागे लागले. तर एसटीच्या मागच्या काचेतून काकू हात करतायत, "हळू! हळू!"

घरी आल्यावर मात्र त्यांनी जाहीर केलं, "या गाडीत मी पाय ठेवणार नाय!"

*

आता खरी अडचण ऐका. मंदाला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी आणायची. आठवा लागला की घाट उतरवायचा नाही, हा काकूंच्या घरचा नियम. आणि लेकीला आणायला आईनं स्वतः जायचं, हाही नियम. गुरुजी म्हणाले, "मी एकटा जाऊन आणतो." काकू म्हणाल्या, "त्या गाडीत माझी पोटुशी लेक बसवाल, तर मी रस्त्यात आडवी पडेन!" भाड्याच्या जीपचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "दहा माणसं कोंबतात त्यात!"

गुरुजी माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. मला तर बाबा कसंतरीच झालं. ज्या माणसाच्या आवाजानं अख्खा वर्ग गप बसायचा, तो माझ्या स्टुलावर बसून म्हणतो, "दत्त्या, काहीतरी कर रे. महिन्याच्या आत मंदा घरी यायला हवी."

म्हटलं, "गुरुजी, त्यात काय! मोठ्या मॉडेलची जाड डिस्क टाकू. दोन थरांची येते, मधे फट असते. फटीतून वारा खेळतो, डिस्क गार राहते. वर कडक मालाचे पॅड टाकू. घाटात उभी करून दाखवीन!"

गुरुजींनी घरी जाऊन हे सगळं काकूंना फळ्यावर काढावं तसं समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या चुलीपाशी एक खिडकी काढा म्हणून वीस वर्षं सांगते. आणि ब्रेकला वारा!"

*

माल घ्यायला आम्ही दोघं आसनगावहून लोकल पकडून कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. गुरुजींनी सोबत पट्टी, कंपास आणि वही घेतलेली. दुकानात डिस्कचा ढीग. गुरुजी एकेक उचलून व्यास मोजतायत, वहीत लिहितायत. दुकानदार कंटाळला.

"चाचा, कौनसी गाडी का डिस्क मंगता?"

गुरुजी ताठ होऊन म्हणाले, "मेरी खुद की!"

*

डिस्क आल्याची बातमी आमच्या आधी गावात पोचली. त्या वर्षी घरोघरी सीडीचं वेड. संध्याकाळी गुरुजींच्या अंगणात शेजारचा बाळू चटई घेऊन हजर, मागे त्याची बायको, मागे म्हातारी.

"गुरुजी, दोन डिस्क आणल्या म्हणं?"

"हो, आणल्या ना."

"देवाचं पिक्चर हाय का मारामारीचं?"

गुरुजी म्हणाले, "अरे बाबा, ब्रेकच्या आहेत त्या!"

बाळूनं मागे वळून बायकोला सांगितलं, "इंग्लिश हाय." तरी चटई पसरलीच त्यानं.

*

मी काम केलं ते सांगतो. नवीन डिस्क घासून पुसून कोरडी केली, मोठी कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारी पकड, बसवली, पॅड टाकले, जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, पाइपातली हवा काढली. पेडल असं झालं की पाय ठेवला की दगड! गुरुजींना बजावलं, "आता याला हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कौतुकानं गाडी धुतली. ओली डिस्क उघड्यावर राहिली तर तासाभरात वर तांबूस गंज धरते. ब्रेक दाबला की आपोआप पुसला जातो, त्यात काय नसतं. पण गुरुजींच्या जिवाची घालमेल झाली. नवी वस्तू आणि गंज! घरात गेले, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि दोन्ही डिस्कना बोटांनी चोळून चोळून लावलं!

मग काकूंना ओट्यावर उभं केलं. "बघ, कशी थांबते ते!"

गाडी आली झोकात. गुरुजींनी ब्रेक दाबला. गाडी काकूंच्या समोरून तशीच पुढे गेली, तुळस चुकवली आणि बाळूच्या पेंढ्यात निम्मी घुसली. गुरुजींना काही लागलं नाही, देवाची कृपा.

काकू आत जाताना एवढंच म्हणाल्या, "वास मात्र छान येतोय."

मी ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं! तेल प्यालेले पॅड काही कामाचे नसतात. "गुरुजी, डोक्याला लावायचं तेल डिस्कला? सातवीत मी असं काय केलं असतं तर तुमी मला उन्हात उभं केलं असतं!"

गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "तिसऱ्यांदा बसवलं असतं." मग मला हसू आलं, त्यांना नाही आलं. मंदाला सातवा लागून वीस दिवस झालेले.

*

पुन्हा नवे पॅड. या वेळी मी सोप्या भाषेत समजावलं. "गुरुजी, नवे पॅड म्हणजे नवी सून. एकदम कामाला जुंपायची नाय, रुळू द्यायची. स्पीड घ्यायचा, हळूहळू दाबायचा, पूर्ण थांबायचं नाय, परत स्पीड. असं चाळीस वेळा. मधे मधे गार होऊ द्यायची."

गुरुजी किन्हवलीच्या रस्त्याला लागले. शेजारच्या सीटवर वही, एक फेरी झाली की एक रेघ. आता खेड्यातल्या रस्त्यावर गाडी हळू झाली की त्याचा अर्थ एकच, लिफ्ट देतायत! माणसं झाडाखालून उठायची, धावत यायची, दाराला हात घालणार एवढ्यात गुरुजी भुर्र! पुढच्या मोरीपाशी परत हळू, परत धावाधाव, परत भुर्र. दुपारपर्यंत दोन गावांत बोंब झाली की गुरुजी म्हातारपणी चेष्टेखोर झाले.

पस्तिसाव्या रेघेला एक कातकरी आजोबा काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गुरुजींना थांबावंच लागलं. आजोबा दार उघडून आत बसले, मांडीवर मधाचा डबा घट्ट धरला.

गुरुजी म्हणाले, "बाबा, पॅड रुळवतोय मी."

आजोबा म्हणाले, "रुळव ना. मी काय नाय बोललो? फक्त मला सरळगावात रुळव."

राहिलेल्या पाच रेघा आजोबांच्या साक्षीनं पडल्या. नाक्यावर उतरताना ते मला म्हणाले, "गाडी चांगली हाय रे, पण मास्तरला चालवता नाय येत. सारखा अडखळतो."

*

ब्रेक झाले फर्स्ट क्लास. मी स्वतः माळशेज चढून उतरून आलो, पेडल तसूभर खाली गेलं नाही. पण काकू ऐकायला तयार नाहीत! सातवा सरायला चार दिवस उरले. गुरुजी रडकुंडीला आलेले. मीच काकूंकडे गेलो. म्हटलं, "काकू, तुमीच सांगा, तुमची खात्री कशानं पटेल?"

काकू म्हणाल्या, "उद्या सकाळी गॅरेजात थांब."

सकाळी आठला काकू आल्या, मागे त्यांचा भाऊ महादू, आणि महादूच्या मागे त्याची खिलारी जोडी! काकूंचं माहेर म्हसा गावाजवळचं, तिथं बैलांची मोठी जत्रा भरते. त्यांच्या घरात सगळे बैलांचे पारखी. जत्रेत बैल घेताना ते काय करतात, तर गाडीची चाकं दोरानं बांधतात आणि बैलांना ओढायला लावतात. चाकं बांधलेली गाडी ओढली, तर बैल खरा.

काकू म्हणाल्या, "गाडीनं बैल पास होतो, मग बैलानं गाडी का नाय होणार? जुंप रे महादू! गाडी हलली नाय, तर ब्रेक खरा."

आता बोला! मला तर हे पटलंच. म्हटलं, "जुंपा! गाडी बोटभर हलली तर गॅरेजचा बोर्ड उतरवतो!"

नाक्यावरच्या रिक्षा थांबल्या, चहावाला किटली घेऊन बाहेर आला. गुरुजी गाडीत बसले, इंजिन चालू, पाय ब्रेकवर. काकू खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "तो हातानं ओढायचा दांडा नाय धरायचा. हात वर करा!" गुरुजींनी दोन्ही हात वर केले. मी समोर उभा राहून लोकांना डिस्कमधला वारा समजावत होतो. महादूनं मागे कधी आणि कशाला दोर बांधला, ते माझं बघायचं राहिलं.

महादूनं आरोळी दिली. बैलांनी माना खाली घातल्या, खूर रोवले, दोर ताणला. गाडी हलेना. दुसरी आरोळी. बैलांच्या तोंडाला फेस आला, गाडी ढिम्म! गुरुजींचे हात वर, डोळे मिटलेले, पाय ब्रेकवर दाबलेला. महादूनं तिसरी आरोळी ठोकली आणि शेपट्या पिरगाळल्या.

काडकन आवाज झाला!

बैल निघाले ते मुरबाडच्या दिशेनं चौखूर. त्यांच्या मागे दोराला बांधलेला बंपर, डांबरावर ठिणग्या उडवत, नंबरप्लेटसकट! बंपरच्या मागे महादू, आणि महादूच्या मागे अर्धा नाका.

गाडी होती तिथंच.

गुरुजींनी डोळे उघडले. आरशात बघतात तर बैल बंपर घेऊन पसार. बिचारे हात वर ठेवूनच म्हणाले, "दत्त्या, आता रे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी खाली वाकून चाकांपाशी नीट बघितलं. चाकं जिथं होती तिथंच. त्यांनी पिशवी उचलली, पुढचं दार उघडलं आणि गुरुजींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"लेकीला आणायला ब्रेक लागतो, बंपर नाय. हात खाली घ्या आणि चला!"