मुकी बांधी

माझे सासरे नथ्थू एका शब्दापायी सगळी जमीन घालवून बसणार होते, आणि तो शब्द मला कळत होता. हे मी लपवणार नाही.

सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी तरुणपणी भंडाऱ्याकडून एक बैलजोडी घेऊन निघाले, आधी रामपायलीला वर्षाच्या बोलीवर सालदार राहिले, मग बिरशापलीकडच्या रानात शिरले. जेवढं तोडशील तेवढं वाह, असं तिथल्या जमीनदारानं, मालगुजारानं, तोंडी सांगितलेलं. कागद कसलाच नव्हता. रान तोडायचं, चहूबाजूंनी मातीचा बांध घालायचा, पाणी अडवून धान लावायचं. अशा एका तुकड्याला बांधी म्हणतात. तीस वर्षांत अकरा बांध्या झाल्या. प्रत्येकीला त्या वर्षी जे घडलं त्याचं नाव. बैल वाघानं नेला ती वाघबांधी. धाकटी पोरगी तापानं गेली ती मैनाबांधी. घराण्याबद्दल कुणी विचारलं की मामाजी त्याला सरळ बांधावरून फिरवून आणायचे.

एकसष्ट साली नोंदी करायला पटवारी ओसरीवर येऊन बसला. बालाघाटकडे सरकारी कारभार हिंदीत, म्हणून त्यानं हिंदीत विचारलं, "इस जमीन पर कब से काबिज हो?"

मामाजींना त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. काबीज तर किल्ले करतात, दुसऱ्याचा मुलूख करतात! ते ताडकन म्हणाले, "मी नाही काबीज केली. कोनाचं हिसकलं नाही मी."

पटवाऱ्यानं लिहिलं, कब्जा नाही. मामाजींनी मोठ्या अभिमानानं अंगठा दिला.

मी आत चुलीपाशी होते. बालाघाटच्या हिंदी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. पटवारी फक्त विचारत होता, जमीन कधीपासून तुमच्या ताब्यात आहे. पण सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. मी भाकरी थापत राहिले. नंतरही कुणाला सांगितलं नाही, कारण आधी काहून नाही बोलली, हे कुणीतरी विचारलं असतं. त्या भाकरी आठवल्या की आजही मला माझाच राग येतो.

चार महिन्यांनी नोटीस आली. जमीन सरकारजमा होणार, हरकत असेल तर तहसिलीत हजर व्हा. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. पटवाऱ्यानं दगा केला, असंच ते धरून बसले. कागद वाचायला कुणी हवं म्हणून माझ्या नवऱ्यानं, भैयालालनं, मलाही गाडीत घेतलं.

तहसिलीत तहसीलदार साहेबांनी तोच प्रश्न तसाच हिंदीत विचारला. मामाजींनी छाती काढली. आता पुन्हा तेच बोलणार, हे मला दिसलं.

"मामाजी," मी पदराआडून म्हणाले, "साहेब विचारते का जमीन तुम्ही कवापासून वाहून राह्यले."

लग्नाला सात वर्षं झाली होती. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. ते वळून बघतच राहिले. मग साहेबांकडे तोंड करून त्यांनी अकराही बांध्या नावानिशी, वर्षानिशी सांगितल्या. साहेबांनी जागेवर जाऊन पाहणी केली, शेजाऱ्यांना विचारलं, आणि जमीन नथ्थूंच्या नावावर चढली.

पण त्याआधी, तहसिलीतून परतताना गाडीत मामाजींनी विचारलं, "त्या दिवशी समजलं होतं तुले?"

"हौ."

"मंग बोलली काहून नाही?"

मी पदर आणखी पुढे ओढला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बारावी बांधी घातली आणि तिचं नाव ठेवलं मुकी. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, आलेल्या बाया मला बघून खुदुखुदु हसायच्या. मीही हसायचे, पण ते नाव मला लागायचं.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात मामाजी खाटेला खिळले. नजर गेली होती. घरात आम्ही सगळे असताना त्यांनी विचारलं, "मुकीत पाणी भरलं का?"

भैयालाल बोलणार होता. मामाजींनी हातानं त्याला थांबवलं आणि म्हणाले, "तू नको. तिले सांगू दे."


"भरलं, मामाजी," मी सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं.