चुकणारी पोरगी

पोराला चुकू द्या. सगळी हयात मी हेच ओरडत आले, आणि अगदी अलीकडेपर्यंत मला वाटत होतं की लोकांनी ऐकलं.

मी मूळची सोनाळ्याची. पहिली नेमणूक साखरखेर्ड्याकडच्या एका शाळेत झाली. तिथे बावन्नातून अडतीस वजा करायला दिले की अर्धा वर्ग सव्वीस म्हणायचा. बाकीचे मास्तर कानाखाली वाजवून पुढे जायचे. माझ्या डोक्यात मात्र भुंगा शिरला, अर्धा वर्ग एकच चूक कशी करतो? एकाला जवळ बसवून विचारलं, ‘कसं काढलं बे?’ तो म्हणाला, ‘दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले.’ अहो, त्याने अडचण बरोबर ओळखली होती, वाट तेवढी चुकीची धरली होती! तेव्हापासून मी आधी पोरांचं चुकीचं उत्तर फळ्यावर लिहायची आणि ते कुठून आलं ते वर्गाकडूनच काढून घ्यायची.

या एका सवयीवर माझी गाडी कुठल्या कुठे गेली. तालुक्याची प्रशिक्षणं, मग जिल्ह्याची, मग पुण्यात पाठ्यपुस्तकाच्या समितीवर. पहिल्याच बैठकीत तोंडून ‘मले वाटते’ निघालं आणि दोघी-तिघी तोंडाला रुमाल लावून हसल्या. म्हटलं, हसून घ्या, मग वजाबाकीचं बोलू. शिक्षकांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक शेवटी माझ्याच हातून झालं. त्यात ठळक अक्षरात छापलंय, ‘पाठाची सुरुवात मुलाच्या चुकीच्या उत्तरापासून करावी.’ ते पुस्तक राज्यभर गेलं. निवृत्तीनंतर इतके सत्कार झाले की शाली नातेवाइकांत वाटून टाकल्या तरी कपाट भरलेलंच आहे.

गेल्या हिवाळ्यात वडनेर भोलजीच्या बाजूच्या एका खेड्यातून फोन आला. चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक तरुण, माझ्याच प्रशिक्षणातून गेलेला. ‘मॅडम, तुमच्या पद्धतीचा पाठ पाहाले या नं एकदा.’ असं बोलावणं कोणाला आवडत नाही? गेले.

फाटकातच एक बाई मेथीची जुडी घेऊन उभी होती. भाजीचा मळा करणारी. तिची मुलगी चौथीत. जुडी माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘मॅडम, तुमी गणिताच्या मोठ्या. माह्या पोरीले पाहून मले एकदा सांगा. पाचवीसाठी रोज दुसऱ्या गावी धाडा लागते, अन् पोरगी तं ढ हाये. सायेब आले का साऱ्यायसमोर चुकते. पाठाचा व्हिडिओ साऱ्या गावानं मोबाइलवर पाह्यला. तुमी हाव म्हटलं तर धाडीन, नाही तर वावरात नेईन संगं.’

मी म्हटलं, ‘बाई, चुकणं म्हणजे ढ नव्हे. थांबा, पाठ होऊ द्या.’ ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

पाठ सुरू झाला. सरांनी फळ्यावर लिहिलं, बावन्न वजा अडतीस. माझीच जुनी वजाबाकी! पहिल्या रांगेतली, लाल रिबिनीची एक पोरगी झटकन उठली. ‘सव्वीस.’ सरांनी ते फळ्यावर लिहिलं. ‘कसं काढलं?’ पोरीने घडाघडा सांगितलं, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. मग दुसरा उठला, तिसरी उठली, दशक सोडवला, काड्यांचा गठ्ठा सुटला, उत्तर आलं चौदा. टाळ्या. काय सांगू, माझे डोळे भरून आले. आयुष्याचं सोनं झालं असं वाटलं. खिडकीतली बाई मात्र खाली बघत होती, त्यावरून ही तिचीच मुलगी हे मला कळलं.

मला राहवेना. मी उठले, खडू घेतला आणि माझ्या मनाने लिहिलं, त्र्याहत्तर वजा शेहेचाळीस. ‘सांगा बरं.’

वर्ग चिडीचूप. एक हात वर होईना. सगळी मुंडकी त्या लाल रिबिनीकडे वळली. मी एका पोराला म्हटलं, ‘तू सांग ना.’

‘मॅडम, आधी ते चुकते. मंग आमी सांगतो.’

पोरगी उठली. क्षणभर फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तेहतीस.’ कसं काढलं तेही न विचारता सांगून मोकळी झाली.

ओ माय! हे काय चाललंय? मी सरांकडे पाहिलं, तर गडी हसतोय!

ऑफिसात चहा आला. सर म्हणाले, ‘मॅडम, पुस्तकात तुमीच लिहिलं नं, सुरुवात चुकीच्या उत्तरापासून. आता खरं चुकणारं पोट्टं सायबासमोर तोंडच उघडत नाही. कधी कोणीच चुकत नाही, मंग पाठ सुरू कसा करा? म्हणून एक चुकणारी ठेवली. दुसरीपासून हेच पोरगी हाये. आजूबाजूच्या शाळांतही ठेवतात.’

‘पण हीच का?’

‘कच्च्या पोट्ट्याले नाही जमत, मॅडम. तो भलतंच चुकते. तुमच्या पुस्तकातल्यासारखंच चुकाले, अन् कसं चुकलो ते सांगाले डोकं लागते. वर्गात सगळ्यात हुशार तेच हाये.’

करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण हा मारुती गावोगाव बसलेला! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ‘अहो सर, तिची आई तिला शाळेतून काढायला निघालीय. बाहेर उभी आहे. कळतंय का तुम्हाला?’ त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. खरंच माहीत नव्हतं त्यांना. वाईट माणूस नव्हता हो, तेच तर दुखतंय.

मी व्हरांड्यात आले. आईला बोलावलं, पोरीला बोलावलं. म्हटलं, ‘बाई, तुमची पोरगी वर्गात सगळ्यात हुशार आहे. चुकायचं ते तिला शिकवलेलं आहे.’

बाईचा चेहरा कडक झाला. ‘गरिबाची काऊन थट्टा करता, मॅडम? आत्ता दोनदा चुकली, म्या डोयानं पाह्यली.’

पोरीपाशी खाली बसले. ‘बेटा, त्र्याहत्तरातून शेहेचाळीस गेले. किती उरले?’

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे, मग दारात आलेल्या सरांकडे. आणि अगदी साध्या आवाजात, पाणी देऊ का विचारावं तसं तिने विचारलं, ‘सर, बरोबरवालं सांगू का मॅडमवालं?’

मॅडमवालं! माझ्या उभ्या जन्माच्या कामाला या पोरांनी ठेवलेलं नाव. खांबाला धरून उठावं लागलं.

सर पुटपुटले, ‘बरोबरवालं सांग.’

‘सत्तावीस.’

‘सर, बरोबर हाये का हे?’ आईने विचारलं. सरांनी मान खाली घालून ‘हाव’ म्हटलं. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर पोरीला पोटाशी धरेल. तसलं काही नाही. तिने पोरीची सुटलेली रिबीन आवळून बांधली, दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि सरांना सोडून थेट मला विचारलं, ‘मंग इतके दिवस माह्या लेकराले काऊन चुकवली?’

राज्यभरच्या मास्तरांना उत्तरं देत फिरलेली मी, एवढंच म्हणाले, ‘तिला पाचवीला धाडा. माझं ‘हाव’ आहे.’

‘धाडीन नं. आता काऊन नाही धाडणार.’ पोरीचा हात धरून ती फाटकाकडे निघाली. चार पावलं गेली आणि थांबली.

‘पण मॅडम, त्या शाळेतबी तुमचंच पुस्तक हाये का?’

होतं. तिथेही होतं. मी मान हलवली.