जादा अर्धा तास

प्रयोगशाळेतल्या भट्टीवाल्या मावशींना कामात कुणी खोट काढलेली खपायची नाही. त्यांचे वडील कौलांच्या भट्टीवर होते. “कौल कच्चं राहिलं की आपलं नाक कापलं गेलं,” हे त्यांनी लेकीच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. म्हणून कागदावर सहाशे अंशांवर दोन तास असं स्पष्ट लिहिलेलं असलं, तरी मावशी प्रयोगांसाठी लागणारी पांढरी पूड अर्धा तास जास्तच भाजायच्या. शिकलेल्यांना भट्टीतलं काय कळतंय!

त्या सकाळी नव्या संशोधक बाईंनी त्यांना संगणकाजवळ बोलावलं. पडद्यावर सूक्ष्मदर्शकातून काढलेले दोन फोटो होते. एकात मोहरीसारखे सुटे, एकसारखे दाणे. दुसऱ्यात त्याच दाण्यांची एकमेकांना चिकटून झालेली ढेकळं.

“पूड तीच, भट्टीही तीच,” बाई म्हणाल्या. “पण जरा जास्त वेळ भाजली, की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आपल्या उपयोगाचे राहत नाहीत. मी सगळे जुने नमुने तपासले, मावशी. अठरा वर्षांत फक्त नऊ वेळा पूड अशी सुटी निघाली. या तारखा बघा बरं, काही आठवतंय का?”

मावशींनी चष्मा लावला. पहिली तारीख लेकीच्या लग्नाची. दुसरी दाढ काढली त्या दिवसाची. तिसरी वडील गेले तेव्हाची. मावशींनी उरलेल्या सहा तारखांवरून एकेक करून बोट फिरवलं.

अठरा वर्षांत त्यांनी नऊच रजा घेतल्या होत्या, आणि हे त्या भेटेल त्याला छाती फुगवून सांगत आल्या होत्या.