हळद लागलेली चावी

सकाळी उठलं की माझं डोकं ठणकायचं. आमच्याकडं सकाळच्या डोकेदुखीला एकच नाव आहे, पित्त. दोन वर्षं मी त्या पित्ताच्या मागं हात धुऊन लागलो होतो. कोकमाचं पाणी पिऊन झालं, मोरावळा खाऊन झाला, चहा सोडून झाला. कपाळावर सुंठीचा लेप, त्यावर आवळलेलं फडकं, अशा अवतारात मी निरवांगीच्या आमच्या पेरूच्या बागेत फिरायचो आणि तोडणीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. दहा वाजेपर्यंत ठणका आपोआप उतरायचा. श्रेय मी सुंठीला द्यायचो.

झोपेवर मला कधी शंका आली नाही. माझं घोरणं तीन घरं ओलांडून जायचं आणि मला त्याचा अभिमान होता. कष्टकरी माणसाची झोप अशीच गाढ असते, असं मी चारचौघांत सांगायचो. शेजारचे तात्या म्हणायचे, ‘‘झोप कसली, मळणीयंत्र हाय ते. मधीच बंद पडतंय, मग भडकून सुरू हुतंय.’’ तात्यांनी रोग फुकटात ओळखला होता. मी हसण्यावारी नेलं.

मग पिंपळी गावाजवळचा प्रकार घडला. पेरूचे क्रेट पिकअपमध्ये भरून मी बारामतीच्या बाजाराला निघालो होतो, बायको शेजारी. पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली म्हणून गाडी थांबवली. ट्रॉली कधी निघून गेली, मला ठाऊक नाही. मागं हॉर्नचा कल्ला आणि दंडावर बायकोचा हात.

‘‘अवो, झोपला काय?’’

‘‘डोळं मिटून इचार करत हुतो.’’

‘‘घोरत इचार करता व्हय?’’

परतताना तिनं मला चिमटे काढत घरी आणलं आणि चावी मिसळणाच्या डब्यात, हळदीत पुरली. ‘‘डोकं बरं होईस्तवर गाडीला हात लावायचा न्हाय. आज गाडी उभी हुती म्हणून वाचलो.’’ दुसऱ्या दिवसापासून माल तात्यांच्या टेम्पोतून जाऊ लागला. वीस वर्षं स्वतःची गाडी हाकणारा मी मागं क्रेटवर, पेरूसारखाच हिंदकळत. चावी परत मिळवायचीच, असं तिथंच ठरवलं.

बारामतीच्या डॉक्टरांना मी पित्ताचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि प्रश्न बायकोला विचारला, ‘‘झोपेत यांचा श्वास अडकतो का?’’

‘‘अडकतो म्हंजी? रोज हलवून जित्ता करते मी!’’

घशाची वाट झोपेत बंद होते, प्राणवायू कमी पडतो, आत नको तो वायू साठतो, म्हणून सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा डुलकी लागते, असं डॉक्टरांनी समजावलं. मग छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी असं यंत्र देऊन घरी टेस्ट करायला सांगितलं.

टेस्ट हा शब्द नडला. टेस्ट म्हणजे पास व्हायचं, एवढंच मला शाळेपासून ठाऊक. एकदाही घोरायचं नाही असं ठरवून मी उजाडेपर्यंत टक्क जागा राहिलो आणि मोठ्या ऐटीत यंत्र परत दिलं.

‘‘आबा, तुम्ही झोपलाच नाहीत.’’

‘‘झोपलो असतो तर घोरलो असतो की!’’

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. दुसऱ्या वेळी मी इमानदारीत घोरलो आणि त्यांना हवा तो निकाल मिळाला.

मग आला नाकावरचा मास्क आणि हवा सोडणारं मशीन. पहिल्यांदा मला पाहून तात्या म्हणाले, ‘‘ह्यो तर फवारणीला निघालाय.’’ दोनदा मी झोपेतच मास्क ओढून फेकला. तिसऱ्या दिवसापासून पट्टा घट्ट केला आणि डोळे मिटताना चावी आठवायची, एवढाच नेम धरला. कंटाळा आला तरी एक दिवस चुकवला नाही.

एका सकाळी उठलो, तोंड धुतलं, चहा मागितला, आणि मग ध्यानात आलं की कपाळ दाबायला हात वर गेलाच नाही. पुढं महिनाभर बायको रोज सकाळी माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. डॉक्टरांनीही मशीनमधली नोंद तपासून गाडीला होकार दिला, तेव्हा कुठं चहाच्या बशीशेजारी पिवळीधमक चावी आली.

माल घेऊन बाजाराला निघालो तेव्हा बायको शेजारी बसली, ती उघड पहारा द्यायलाच. माझ्या डोळ्यांवर तिची नजर, रस्त्यावर माझी. पिंपळी आली तशी मी बढाई मारायला तोंड वळवलं, तर तिची मान खिडकीला टेकलेली. गाढ झोपली होती.

मी हॉर्न न वाजवता बारामती गाठली.