बांधापुढची खारफुटी

नागपूरकर मित्रमंडळींनी श्री. वामनराव लांजेवार साहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हा गौरवग्रंथ काढला, याचा मला फार आनंद आहे. आपण सारे त्यांना सकाळी फिरायला जाणारे, सर्वांची आस्थेने चौकशी करणारे निवृत्त वनाधिकारी म्हणून ओळखता. समुद्रापासून एवढ्या दूरच्या आपल्या शहरातल्या या माणसाची आठवण कोकणातल्या एका खाडीकाठी आजही रोज निघते. ती का, एवढेच मला सांगायचे आहे.

मी मूळची पारशिवनीची. वनक्षेत्रपाल म्हणून माझी पहिली नेमणूक कोकणात झाली. साहेब तिथे सहायक वनसंरक्षक होते. सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन मी त्यांच्या कार्यालयाच्या दारात संकोचून उभी राहिले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "पोरीले घेऊन आल्या ना? मग अशा चोरावानी काहून उभ्या? आत या." इतक्या दूर आपली बोली ऐकून माझे डोळेच भरून आले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरात साडीचा झोका बांधला गेला होता. पुढची दोन वर्षे मी खाडीवर असताना माझी लेक त्या झोक्यात, काटोलच्या आमच्या काकूंच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, देखरेखीखाली वाढली.

आमच्याकडे खारफुटी लावण्याचे काम होते. चिखलात, खाऱ्या पाण्यात वाढणारी ही झाडे. त्यांच्या मुळांमध्ये कोळंबीची, खेकड्यांची पिल्ले वाढतात, गाळ धरून राहतो, आणि लाटेचा जोर किनाऱ्याला लागण्याआधीच कमी होतो. हे सारे कागदावर छान होते. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी पार्वतीकाकी नावाच्या शेतकरी बाई ओचा खोचून आमच्या मजुरांसमोर चिखलात उभ्या राहिल्या. खाडीचा बांध फुटून त्यांचे भाताचे शेत बुडाले होते.

"माझ्या शेतात खारा पाणी भरला," त्या म्हणाल्या. "आदी बांध घाला, मगे तुमची झाडां लावा."

बांध आमच्या खात्याचा नव्हता. लागवडीचा हंगाम मात्र सरत चालला होता. मी पोलिसांना कळवू का, असे साहेबांना हळूच विचारले. ते माझ्यावर रागावले नाहीत. जवळच्या दगडावर बसत म्हणाले, "माह्यं वावर बुडालं असतं तं मी तरी झाडं लावू देली असती का?"

साहेब भिवापूरच्या मिरचीवाल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांनी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून दगड वाहायला उभे राहिले. आम्ही कर्मचारीही सुटीच्या दिवशी जाऊ लागलो. आधी गावकरी नुसते बघत होते. मग एकेक जण उतरला. बांध उभा राहिला तेव्हा लागवडीला चांगलाच उशीर झाला होता. वरून खुलासा मागवला गेला. साहेबांनी तो दिला. त्यानंतर त्यांना बढती मिळाली नाही. दोन्हींचा संबंध होता की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनीही कधी विचारले नाही.

लागवड सुरू झाली ती पार्वतीकाकींच्या हातून. होड्यांसाठी वाट मोकळी सोडायची, हे गावाने आणि साहेबांनी मिळून ठरवले. कांदळाच्या, म्हणजे खारफुटीतल्याच एका झाडाच्या, लांब शेंगा बायका बांधापुढच्या चिखलात खोचत होत्या, हसत होत्या, अधूनमधून साहेबांचा तोल जाई तेव्हा जास्तच हसत होत्या. पहिल्या पावसाळ्यात पुष्कळ रोपे वाहून गेली. पुढच्या वर्षी आम्ही बोलावण्याआधीच गावाने शेंगा गोळा करून ठेवल्या होत्या.

साहेब निवृत्त होऊन नागपूरला परतले. बऱ्याच वर्षांनी कोकणात मोठे वादळ आले. माझी तोवर बदली झाली होती. फोन लागायला लागले त्या पहिल्याच दिवशी पार्वतीकाकी बोलल्या, "कौलां उडाली, माड पडले. पण बांध रवलो. साहेबांक सांगा."

मी लगेच साहेबांना फोन लावला. त्यांनी सारे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "बाईच्या डोक्यावर छप्पर आहे का?" झाडांबद्दल एक शब्द नाही. आठवड्याभरात, त्या वयात, ताडपत्री आणि भिवापुरी मिरचीची पिशवी घेऊन ते गाडीत बसले.

मीही तिथे पोचले. झाडांच्या आडोशाचा बांध शाबूत होता. पलीकडे, जिथे खारफुटी नव्हती, तिथे तो फुटला होता. काकींनी साहेबांना बांधावरून चालवत नेले. आपल्या डोक्यावरून वर गेलेल्या झाडाच्या खोडावर साहेबांनी हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. काकी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चला आता, जेवाक वाढलंय."

आज पलीकडच्या वाड्यांवरचे लोकही स्वतःहून लागवड करतात.

साहेब, तुम्हाला आणि काकूंना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. यंदाच्या लागवडीला गावाने तुम्हाला बोलावले आहे. गुडघ्यांची सबब चालणार नाही, असे पार्वतीकाकींनी बजावून सांगितले आहे. तुमच्यासाठी बांधावर खुर्ची ठेवणार आहेत. तुम्ही नुसते बसा, साहेब. चिखलात आम्ही उतरतो.