हेडलीच्या कातडीखालची हवा

माझा दीर हेडली स्टकलेस याने उभी हयात फेरीबोटीवर दोर ओढले. लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यापासून माझं सरपण तोच फोडतो आणि फोडता फोडता माझं डोकं खातो. न्यूफाउंडलंडच्या आमच्या किनाऱ्यावर एवढा बडबड्या दुसरा नाही.

गेल्या मार्चमध्ये धक्क्यावरच्या बर्फावरून त्याचा पाय सटकला आणि त्याची छाती होडीच्या काठावर आदळली. घरी येऊन म्हणाला, "काही नाही झालं, वहिनी, चहा टाका." चहा उकळेपर्यंत त्याची मान सुजली. हात लावून पाहिलं तर कातडीखाली काहीतरी करकरलं, ताज्या बर्फावर पाय पडावा तसं. मी त्याला तसाच गाडीत घालून दवाखाना गाठला.

बरगडी मोडून फुप्फुसाला भोक पडलं होतं. छातीत नळी घातली, तरी हवा कातडीखाली शिरतच राहिली. सकाळी पाहते तर चेहरा फुगलेल्या कणकेचा गोळा, डोळे बंद, आवाज बदकाचा.

"वहिनी, कसा दिसतो मी?"

"किनाऱ्यावरच्या सीलसारखा."

"म्हणजे आधीपेक्षा बरा!"

पण थोड्या वेळाने "गळा आवळतोय" म्हणाला आणि गप्प झाला. तेव्हा मात्र मी धावत जाऊन डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टर पाइक, वयाने आमच्या भाचीएवढी, खाटेशी येऊन बसली. "काका, छातीतली नळी राहू द्या. गळ्याखालच्या हाडांच्या खाली दोन्हीकडे बारीक चीर देते, आत मऊ नळ्या ठेवते. कोंडलेल्या हवेला वाट मिळेल."

"दे बाई. माझं गाणं तेवढं बिघडवू नकोस."

"तुम्ही गाता?"

"गातो," मी म्हणाले, "आणि बिघडायला त्यात काही उरलेलं नाही."

जागा बधिर करून तिने नळ्या बसवल्या. मग ब्राइड हाइन्स नावाची नर्स आली. गालांवरून मानेकडे, मानेवरून त्या चिरांकडे, तळव्यांनी हलके हलके हवा सारत राहिली. नळीच्या टोकाशी बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत होते. दुसऱ्या रोग्यांकडे जाऊन पुन्हा यायची, पुन्हा सुरू करायची. तिला घाई म्हणून नव्हती. संध्याकाळी त्याचा एक डोळा किलकिला झाला आणि त्यातून पाणी वाहायला लागलं.

"दुखतंय का, हेडली?" तिने विचारलं.

"नाही गं. आई गेल्यापासून माझ्या तोंडावरून कुणी असा हात फिरवला नव्हता."

ब्राइडने हात थांबवला नाही.

हळूहळू सूज उतरली, फुप्फुसाचं भोक भरून आलं, नळ्या निघाल्या. ऑगस्टमध्ये त्याने बरगडी धरून धरून दलदलीतून बेकॲपलची पिवळी फळं वेचली. मी मुरंबा केला आणि आम्ही तो घेऊन दवाखान्यात गेलो. ब्राइडने बरणी तिथेच उघडली, डॉक्टरबाईंना हाक मारली, आणि दोघींनी चहाच्या चमच्याने उभ्या उभ्या अर्धी संपवली. हेडली त्यांच्याकडे बघत राहिला, आपलीच लेकरं जेवायला बसली असावीत तसा.