रहाटाची करकर

कार्यानुभव हा विषय शाळेत आला तेव्हा तो कोणी शिकवायचा यावर बैठक झाली. त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून विषय मला मिळाला. पुस्तकात मेणबत्त्या करायला सांगितलं होतं. आम्ही केल्या. निम्म्यांत वात घालायची राहून गेली. मग मी पुस्तक मिटलं आणि नववीच्या मुलींना सांगितलं, रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्या, तिचा कोणता भाग काय करतो ते बघा, काम कुठे अडतं ते शोधा आणि सुधारा.

वस्तू शोधायला लांब जावं लागलं नाही. कापडे गावाच्या वरच्या वाडीतून एक मुलगी पोलादपूरला आमच्या शाळेत यायची. आठवड्यातून तीनदा तरी घाटातून उतरणारी पहिली एसटी तिची चुकायची आणि दोन तास बुडायचे. हे या महिन्यात थांबलं नाही तर नाव कमी करू, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं. तिच्या आईला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. घरात काम पुष्कळ होतं.

"उशीर कशाने होतो गं?" मी विचारलं.

"पाण्यानं, बाई. विहिरीवर येकच रहाट हाय."

"गप्पा मारत बसते ती," मागच्या बाकावरून आवाज आला.

"तुझ्यासारखी नाय गो मी."

शनिवारी दुपारी मी वर्ग घेऊन वाडीवर गेले. रहाट असा करकरत होता की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. दोर ओढताना बायकांचे खांदे भरून येत. रहाट जड चालतो, म्हणून वेळ लागतो, असं आमचं एकमताने ठरलं. एका मुलीचे वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. त्यांच्याकडून ग्रीस आणलं, पुढच्या शनिवारी आस साफ करून भरलं, आणि रहाट एका बोटाने फिरू लागला. बायका खूश झाल्या. आम्ही त्यांच्याहून खूश. परतताना एसटीत गाणी झाली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती मुलगी रोज उशिरा आली.

वर्गाला हा आपला अपमान वाटला. "आता हलका चालतो ना? मग तुझं काय अडलंय?"

"हलका चालतो. पण सगळ्या येकदमच येतात."

"आधी नव्हत्या येत?"

"नाय. आधी करकर घरात ऐकू यायची. चालू असली म्हणजे कोणतरी भरतंय. थांबली की दुसरी निघायची. आता कळतच नाय, मग सगळ्याच हंडे घेऊन जातात नि रांग लावतात."

रहाटाचे भाग आणि त्यांची कामं आम्ही फळ्यावर मांडली होती. त्यात करकर नव्हती. मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी फळ्याकडे.

"आसावर वाळू टाकू या," एकीने सुचवलं.

"मग दोर ओढायला तू ये," वाडीवाली म्हणाली. हलका रहाट कोणी परत देणार नव्हतं. शेवटी तिनेच घरच्या शेळीच्या गळ्यातलं घुंगूर काढून रहाटाच्या आऱ्याला बांधलं. पहिल्या सकाळी दोन म्हाताऱ्या काठ्या घेऊन धावत आल्या, कोणाची शेळी अळवात शिरली म्हणून. दुसऱ्या दिवसापासून त्यांना सवय झाली आणि मुलगी पहिल्या एसटीने येऊ लागली. चार दिवस आली. पाचव्या दिवशी पुन्हा उशीर.

"आईनं भाकऱ्या सांगितल्या. म्हणली, आता तुला येळ उरतो."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण महिना संपत आला होता. संध्याकाळी मी एकटीच वाडीवर गेले. आई अंगणात भात पाखडत होती.

"वाचलेला येळ ठेवायचा तरी कुठं, बाई?" तिने मलाच विचारलं.

"शाळेत."

"नि भाकऱ्या कोण करील?"

ओटीवर तिचा थोरला मुलगा भांग पाडत बसला होता. मुंबईला चुलत्याकडे जायचं ठरलं होतं आणि तेव्हापासून तो तयारच बसून होता, असं तिनेच सांगितलं.

"चुलता राहतो कुणाबरोबर?"

"खोलीवर सात बाप्ये हायत."

"मग तिथे भाकऱ्या कोण थापतं?"

सूप थांबलं. तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने आरसा खाली ठेवला आणि म्हणाला, "खानावळ असते, आये."

"खानावळीत पगार घालवायला धाडतंय काय तुला?" ती म्हणाली. मी चहा न घेता उठले. अशा वेळी मध्ये बोलू नये.

सोमवारी मुलगी प्रार्थनेला हजर होती. महिना संपला तेव्हा तिचं नाव पटावर होतं. त्या सोमवारी मधल्या सुट्टीत तिने भावाच्या हातचा डबा उघडला. तांदळाची भाकरी एका बाजूला बोटभर जाड आणि दुसऱ्या बाजूला करपलेली होती. मुली डब्याभोवती जमल्या. पीठ नीट मळलं नाही की तवा जास्त तापला, यावर वाद लागला. त्यात घंटा झाली, तरी कोणी उठेना.